आवाज वाढव की जरा!

मंडळी, कुठल्याही वस्तूची पत एका आकड्यात मोजायची आपल्याला सवय आहे. गाडी म्हटली की "किती देते?", घर म्हटलं की "किती स्क्वेअर फूट?" आणि म्युझिक सिस्टीम म्हटली की "किती वॉटची?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं इतक्या वर्षांच्या अमेरिकेतल्या वास्तव्यानंतर मी सराईतपणे देतो. तिसऱ्याचं उत्तर "पस्तीस" असं दिलं की समोरचा माझ्याकडे सहानुभूतीने बघतो, कारण त्याच्या टीव्हीखालच्या साउंडबारच्या खोक्यावर तीनशे लिहिलेलं असतं. त्यातून माझा अँप्लिफायर ट्यूबचा, म्हणजे आपल्या भाषेत व्हॉल्व्हचा, आणि तोही घरी जोडलेला! वजन साडेचौदा किलो, चालू केल्यावर अर्ध्या मिनिटाने कंठ फुटतो आणि बेलव्ह्यूच्या पावसाळी हिवाळ्यात त्याच्यावर हात शेकता येतात. आमच्या सौ.च्या मते त्याचा खरा उपयोग तोच.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. १९५९ साली फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने 'स्टीरिओ ७०' नावाचा अँप्लिफायर बाजारात आणला. डेव्हिड हॅफलर हे त्या कंपनीमागचं डोकं. एका बाजूला ३५ वॉट, दोन्ही मिळून ७०, म्हणून हे नाव. किट घेऊन घरी जोडलात तर किंमत ९९ डॉलर ९५ सेंट. आत चार ईएल-३४, दोन ७१९९ आणि एसीचा डीसी करणारा एक जीझेड-३४, असे सात व्हॉल्व्ह. छापील बोर्डावरचं बारीक काम कारखान्यातून करून यायचं. ट्रान्सफॉर्मर बसवायचे, वायरी ओढायच्या आणि डाख द्यायचा, एवढं गिऱ्हाइकाने करायचं. त्या काळातल्या कितीतरी अमेरिकन घरांत जेवणाच्या टेबलावर हा अँप्लिफायर जन्माला आला. पुढे व्हॉल्व्ह मागे पडले, मूळ कंपनीही राहिली नाही, पण आराखडा टिकला आणि त्याच बेताची नवी किट निघत राहिली. तसं एक मी २००८ साली जोडलं. तेव्हा इथे नॉर्थअप वेवर व्हेटको नावाचं सुट्या भागांचं दुकान होतं. त्यातले खण उघडून रेझिस्टन्स शोधताना पुण्याच्या तपकीर गल्लीत उभं असल्यासारखं वाटायचं.

हे वेड रक्तातलं आहे. आमच्या अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं. दिवसा मर्फी, बुश, फिलिप्सचे रेडिओ आणि संध्याकाळी लग्न, सत्यनारायण, गणपती, गावोगावच्या जत्रा. एक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, दोन कर्णे, एक माइक आणि वायरींची भेंडोळी, एवढ्या भांडवलावर त्यांनी आम्हा तिघा भावंडांना शिकवलं. चाळीस वर्षं त्यांनी कर्ण्याच्या बाजूला उभं राहून काढली.

२०२४च्या उन्हाळ्यात अण्णा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले. वय ८२, तब्येत ठणठणीत. त्याच वर्षी २७ एप्रिलला बेलव्ह्यूहून रेडमंडकडे जाणारी लाइट रेल सुरू झाली होती, तिच्यातून चकरा झाल्या. क्रॉसरोड्स मॉलमध्ये जमिनीवर मोठा बुद्धिबळपट आहे, गुडघ्याएवढ्या सोंगट्यांचा. तिथे चिनी, रशियन, कोरियन आजोबांशी त्यांची चांगली गट्टी जमली. तिथे कुणालाच कुणाची भाषा येत नव्हती, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते घरात. संध्याकाळी मी भीमसेनजींचे अभंग लावायचो. दोन मिनिटांत अण्णांची हाक यायची, "आवाज वाढव की जरा!" मी वाढवायचो. पुन्हा, "अजून थोडा." वरच्या मजल्यावरून सौ.ची हाक यायची ती उलट दिशेची. अण्णा म्हणायचे, "गाणं ऐकू येतंय रे, शब्द ऐकू येत नाहीत. तुझा अँप्लिफायर दमतोय."

दुसरी गोष्ट मला जास्त लागत होती. आमची मुलगी पंधरा वर्षांची. इथेच जन्मलेली, पण रविवारच्या मराठी शाळेत न कुरकुरता जाणारी. आजोबांशी मराठीतच बोलायचं, असं तिने स्वतःच ठरवलं होतं. ती काही सांगायची आणि अण्णा माझ्याकडे वळून विचारायचे, "काय म्हणाली? इंग्रजीत बोलली का?" तिने मराठीतच सांगितलेलं असायचं. एकदा पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "हिची मराठी सगळी तोंडातल्या तोंडात आहे." ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आजोबांना काही सांगायचं झालं की ती मला इंग्रजीत सांगायची आणि मी दुभाषाचं काम करायचो. दहा वर्षांची मराठी शाळा एका वाक्यात बंद पडली. तिला समजावणं आणि अण्णांना समजावणं, दोन्ही सारखंच अवघड होतं.

अण्णांनी मात्र घराच्या शांततेचा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला. "पॉवर वाढवू या," ते म्हणाले. "गॅरेजात जागा आहे, हत्यारं आहेत. मला तरी इथे दुसरं काय काम आहे?"

कामाला हात घालण्याआधी त्यांनी दुकानातला पहिला नियम सांगितला. या पेटीच्या पोटात ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो. प्लग काढला तरी कंडेन्सरमध्ये तो साठून राहतो आणि माणूस मारायला तेवढा पुरे. तेव्हा आधी रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामा करायचा, मीटरने खात्री करायची आणि मगच हात घालायचा. चालू पेटीत मोजमाप करायचं तर एक हात खिशात, म्हणजे करंट छातीतून आरपार जाणार नाही. मग म्हणाले, "पोरीला बोलाव. आकडे लिहायला कुणीतरी हवं." ती आली, वही घेऊन स्टुलावर बसली. बोलणं नव्हतंच, आकडे तेवढे लिहीत होती.

आता पॉवर वाढवायची म्हणजे काय करायचं? पहिला सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे मोठे व्हॉल्व्ह लावायचे. ईएल-३४च्या जागी केटी-८८ बसतो. दिसायला जाडजूड, रुबाबदार. पण त्याचा फिलामेंट १.५ ऐवजी १.६ अँपिअर खातो, आणि स्टीरिओ ७०चा पॉवर ट्रान्सफॉर्मर मुळातच तापट. शिवाय मोठा व्हॉल्व्ह लावला म्हणून वॉट वाढत नाहीत. किती वॉट निघणार हे व्होल्टेज किती आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हवर किती ओझं टाकतो यावर ठरतं. या दोन गोष्टी तशाच ठेवून व्हॉल्व्ह बदलणं म्हणजे त्याच बैलगाडीला मोठी घुंगरं बांधणं. केटी-८८मधून साठ वॉट काढायचे तर दोन्ही आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर नवे हवेत. म्हणजे अँप्लिफायरच नवा.

दुसरा उपाय व्होल्टेज वाढवण्याचा. इथे अण्णांनी कागदावर हिशेब मांडला. व्हॉल्व्हला साधारण ४१५ व्होल्ट मिळतात आणि गाणं नसतानाही प्रत्येकातून ५० मिलिअँपिअर वाहतात. गुणाकार केला की २१ वॉटच्या आसपास नुसती उष्णता झाली. ईएल-३४ची प्लेट सोसते २५. व्होल्टेज ५०० केलं की त्याच करंटला बरोबर २५, म्हणजे विझवायला काही उरलंच नाही. जीझेड-३४ची मर्यादा २५० मिलिअँपिअर, आणि चार व्हॉल्व्ह नुसते बसल्या बसल्या २०० पितात. त्यातून भिंतीतला करंट. १९५९ साली हा ११७ व्होल्टसाठी बेतला होता, आमच्या गॅरेजात मीटर १२२ दाखवतो. म्हणजे काही न करताच सगळं चार टक्के वर चढलेलं. आणि व्हॉल्व्ह जाळून चालण्याचे दिवस आता नाहीत. जगात ते बनवणारे कारखाने मोजकेच उरलेत. २०२२च्या मार्चमध्ये रशियातून येणारा माल अडला तेव्हा भाव कसे भडकले ते मी पाहिलंय. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे व्हॉल्व्ह अण्णांनी उभा जन्म वापरले, तेही केव्हाच इतिहासजमा झाले.

राहिला तिसरा उपाय, पुरवठा भक्कम करण्याचा. दोन्ही बाजू एकदम जोरात वाजल्या की मूळ आराखड्यातलं व्होल्टेज खाली बसतं, कारण साठ्याचे कंडेन्सर लहान. जीझेड-३४च्या लगेच पुढचा कंडेन्सर वाटेल तेवढा वाढवता येत नाही, व्हॉल्व्हलाच तो झेपत नाही. पण चोकच्या पलीकडचा वाढवता येतो. आम्ही तेच केलं. डाख अण्णांनी दिला. हात थोडा थरथरतो, पण टोक जोडावर टेकलं की स्थिर. तीन शनिवार गेले.

मोजमापाला स्पीकरच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टन्स, शेजारी ऑसिलोस्कोप. लाटेचा माथा चपटा व्हायच्या आत जेवढे व्होल्ट मिळतील त्यांचा वर्ग करायचा आणि आठाने भागायचं. आधी १६.५ व्होल्ट होते, म्हणजे ३४ वॉट. आता १७.२, म्हणजे ३७. मुलीने वहीत लिहिलं आणि फोनवर काहीतरी हिशेब केला. मग किती दिवसांनी थेट आजोबांशी बोलली. बोलली नाही, वही त्यांच्यापुढे धरली. तीन वॉटची वाढ म्हणजे अर्धा डेसिबलसुद्धा नाही!

अण्णा खो खो हसले. "तीन शनिवार, तीन वॉट. बरोबर आहे हिशेब."

मंडळी, खोक्यावरचे वॉट वाचणाऱ्या प्रत्येकाने हे गणित लक्षात ठेवावं. आपला कान वॉटच्या बेरजेने ऐकत नाही, पटीने ऐकतो. वॉट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, म्हणजे जाणवतो, पण दचकवत नाही. आवाज दुप्पट मोठा वाटायचा असेल तर १० डेसिबल हवेत, आणि त्यासाठी वॉट दसपट. पस्तीसचे साडेतीनशे! नवे ट्रान्सफॉर्मर, केटी-८८ आणि बराच खर्च करून पस्तीसचे साठ केले असते तरी पदरात पडले असते जेमतेम सव्वादोन डेसिबल.

"मग जत्रेत कसं काय पोचायचं हो?" मी विचारलं. "तुमचा अँप्लिफायर तीसच वॉटचा होता."

"अरे, आवाज पोचला नाही तर आम्ही अँप्लिफायर कधी बदलत होतो? कर्णा बदलायचो. नाहीतर कर्णा माणसांच्या जवळ न्यायचो. देवळावरचा काढून वडाच्या झाडावर."

चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगितलेलं हे शास्त्र पुस्तकातही तेच आहे. एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल येतो, ही स्पीकरची संवेदनशीलता. माझे पुस्तकांच्या कपाटात मावणारे देखणे स्पीकर ८५ डेसिबलचे. जत्रेतला कर्णा शंभराच्या पुढे. म्हणून तीस वॉटमध्ये अख्खं गाव जागं व्हायचं. मी सिॲटलमधून ९५ डेसिबलचे जुने, कपाटाएवढे स्पीकर आणले. त्याच अँप्लिफायरला दहा डेसिबल जास्त, म्हणजे जणू साडेतीनशे वॉट, एकही वायर न हलवता. सौ.ने त्यांच्यावर टाकायला लगेच टेबलक्लॉथ शोधला. अभंग लावले. तबल्याने खिडकीची काच थरथरली. अण्णा शांत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "आवाज भरपूर झाला. शब्द अजून नाहीत."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात नवे स्पीकर तपासायला आम्ही सिग्नल जनरेटर लावला. त्यातून एकच सूर हळूहळू चढवत न्यायचा आणि कुठे खड्डा पडतो का ते बघायचं. बटण मुलीच्या हातात होतं. ५०० हर्ट्झ, सगळ्यांनी माना डोलावल्या. १०००, ठीक. २०००ला अण्णा म्हणाले, "आहे, पण लांब गेला." ३०००ला त्यांनी विचारलं, "बंद केलंस का गं?"

ती काही बोलली नाही. तिने ऑसिलोस्कोपकडे बोट दाखवलं. पडद्यावर हिरवी लाट तेवढ्याच उंचीची, जशीच्या तशी उभी होती.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लाट तिथेच. मग पुढे होऊन त्यांनी स्वतः आवाजाचं बटण फिरवलं. आम्ही दोघांनी कानांत बोटं घातली. तेव्हा कुठे ते म्हणाले, "हां, आता शिट्टीसारखं काहीतरी." त्यांनी बटण सावकाश मागे आणलं. रेडिओ दुरुस्त करणारा माणूस बिघाड शोधताना एकेक टप्पा तपासत जातो, आणि जिथे सिग्नल आत जातो पण बाहेर येत नाही तिथे थांबतो. अण्णा तसेच मोठ्याने टप्पे मोजत गेले. "जनरेटर ठीक. अँप्लिफायर ठीक. स्पीकर ठीक." आणि मग स्वतःच्या कानाला हात लावून, "शेवटचा टप्पा गेला."

गॅरेजात थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग ते नातीकडे वळले. "म्हणजे तुझी मराठी बरोबर होती. माझ्याकडूनच अक्षरं गळत होती."

ती त्यांच्या समोर येऊन उभी राहिली आणि सावकाश, स्पष्ट म्हणाली, "आजोबा, स, श आणि फ गळत होते. बाकीचं पोचत होतं."

तिचं म्हणणं अचूक होतं. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि तिथेच आवाजाचा जोर असतो. स, श, फ, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत, आणि अशक्त. वय झालं की कान वरून खाली झिजत येतो, आणि वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा घाव बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. अशा माणसाला गाणं ऐकू येतं, माणूस बोलतोय हेही कळतं, पण काय बोलतोय ते कळत नाही. मग त्याला वाटतं, समोरचा पुटपुटतोय. सगळा आवाज वाढवला तर जे आधीच ऐकू येतंय तेच अंगावर येतं, आणि गळलेलं तसंच गळलेलं राहतं.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. ऑडिओलॉजिस्टने २५० ते ८००० हर्ट्झचा आलेख काढून दिला. डावीकडे सपाट, मध्याच्या पुढे कडा कोसळल्यासारखा. अण्णांनी तो हातात घेतला आणि म्हणाले, "हा तर फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स. ट्रेबल गेलाय. अशा रेडिओचा आम्ही कोन बदलायचो." अमेरिकेत २०२२च्या ऑक्टोबरपासून सौम्य आणि मध्यम बहिरेपणासाठी काही श्रवणयंत्रं प्रिस्क्रिप्शनशिवाय दुकानात मिळू लागली आहेत. मी तीही बघून आलो. पण अण्णांनी मशीन सांगलीत घ्यायचं ठरवलं. "जिथे दुरुस्ती होते तिथेच वस्तू घ्यावी." दुकानदार तो दुकानदारच.

श्रवणयंत्र म्हणजेही अँप्लिफायरच. एके काळी त्यातही बारीक व्हॉल्व्ह असायचे आणि बॅटरी खिशात बाळगावी लागायची. १९५२च्या अखेरीस सोनोटोन कंपनीने श्रवणयंत्रात ट्रान्झिस्टर आणला, तेव्हासुद्धा त्यात दोन व्हॉल्व्ह होतेच. आताचं मशीन दीड व्होल्टच्याही आतल्या सेलवर चालतं. आणि ते सगळा आवाज वाढवत नाही, आलेखात जिथे खड्डा आहे तिथेच भर घालतं.

तोपर्यंतचे तीन महिने आम्ही अण्णांच्याच नियमाने काढले, कर्णा माणसाच्या जवळ न्यायचा. त्यांची खुर्ची स्पीकरसमोर आली. बोलताना चूल, नळ, टीव्ही बंद. स्वयंपाकघरातून ओरडायचं नाही, समोर येऊन, तोंड दिसेल असं बोलायचं. मुलगी हे सगळ्यांत आधी शिकली. संध्याकाळी ती त्यांच्यासमोर मोडा घेऊन बसायची आणि शाळेतलं सांगायची. मला दुभाषाच्या नोकरीवरून काढून टाकण्यात आलं.

जानेवारीत मिरजेहून फोन आला. मशीन बसलं होतं. "कसं वाटतंय?" मी विचारलं.

"गोंगाट फार आहे रे," अण्णा म्हणाले. "चमचे वाजतात, वर्तमानपत्र वाजतं, चिमण्या तर काय! इतक्या वर्षांत एवढ्या कुठून आल्या?" मग म्हणाले, "फोन पोरीला दे." ती पाऊण तास बोलत होती. मराठीत, आणि तोंडातल्या तोंडात अजिबात नाही.

अँप्लिफायर आहे तिथेच आहे. कागदावर पस्तीस, प्रत्यक्षात सदतीस वॉट. मंडळी, आपल्यापैकी अनेकांचे आईवडील दर उन्हाळ्यात सहा महिन्यांसाठी येतात. आपण त्यांना माउंट रेनियर दाखवतो, ट्युलिप दाखवतो, जमलं तर नायगाराही उरकतो. त्या यादीत कानाच्या तपासणीचा एक तास घाला. नातवंडांची मराठी पुटपुटल्यासारखी वाटते, अशी तक्रार घरात असेल, तर तो तास सगळ्यांत आधी घाला.